फुली मारलेलं घर

देगलूरच्या एका दलालानं मला फसवलं. एकदा नव्हे, आमची ओळख होती तितकी वर्षं. आता तो नाही म्हणून मी त्याच्याबद्दल गोड लिहीन, अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्यानं इथंच थांबावं.

जुन्या खांबाला तो बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान लाकडाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मग हळूच मान हलवायचा. "पोकळ हाय, शेठ. आतून समदं खलास." नाडी पाहून झाल्यावर हकीम घरच्यांना बाहेर बोलावतो ना, तसा चेहरा करायचा.

माझा धंदा जुनी घरं उतरवायचा. त्यातलं सागवान नांदेडच्या माझ्या वखारीत येतं आणि तिथून हैदराबाद-पुण्याच्या बंगल्यांना जातं. मी वर आलो तो आरा मशीनवर हमाली करून. कानही तिथंच गेले. मोठ्यानं बोललेलं कळतं, पण लाकडाच्या पोटातला आवाज मला कळत नाही. आमच्या धंद्यात हे कोणाला सांगायचं नसतं. म्हणून मी म्हणायचो, "चाचा, तुम्हीच ठोकून बघा. मला घाई आहे." गावात सगळेच त्याला चाचा म्हणत. तो पोकळ म्हणाला, की मी त्या खांबावर लाल रंगाची फुली मारायचो. फुली म्हणजे टाकाऊ माल.

"सरपणाला नेऊ का, शेठ?"

"न्या. माझ्या डोळ्यांपुढून हलवा आधी."

मी घरमालकाशी भांडायला लागलो की हा बाजूला उभा राहून भुईमुगाच्या शेंगा सोलायचा. दाणे स्वतः खायचा नाही, माझ्या तळहातावर ठेवायचा. तोंडात दाणे असले की माणसाला ओरडता येत नाही, हे त्यानं हेरलं होतं. माझे कित्येक सौदे त्या दाण्यांनी वाचवले, हेही खरं.

चहा मात्र नेहमी स्टँडसमोरच्या हॉटेलात. घरी त्यानं मला कधी नेलं नाही.

"चाचा, एकदा घर तर दाखवा."

"आज पाहुणे हायेत, शेठ."

ईदला पाहुणे, लग्नसराईत पाहुणे, काही कारण नसलेल्या मंगळवारीही पाहुणे. एकदा मी चिडलो. "तुमचं घर हाय का लॉज?"

"खानदान मोठं हाय, शेठ," तो म्हणाला आणि माझ्या हातावर दाणे ठेवले.

मधे बरेच दिवस माझं तिकडं जाणं झालं नाही. त्याचा फोनही लागेना. यानं दुसरा व्यापारी धरला, असं समजून मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

परवा एका घराच्या सौद्यासाठी देगलूरला गेलो. मालक शेतावर गेला होता. वेळ काढायचा म्हणून जुन्या गावात पायी फिरत होतो. एक गल्ली वळली आणि मी जागेवरच थांबलो.

निजामाच्या काळातलं घर. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढराशुभ्र चुना, ओसरीला सागवानी खांब आणि खांबांच्या मधे लाकडी महिरपी. लाकडाला जवसाचं तेल चोळलेलं, दुपारच्या उन्हात मधासारखं चमकत होतं. तेलाच्या डब्यांत मोगरा लावलेला. तुम्ही असतात तर "किती सुंदर" म्हणाला असतात. माझा जळफळाट झाला. मीही नांदेडला बंगला बांधलाय. ग्रॅनाइट आहे, स्टीलचे कठडे आहेत, उन्हाळ्यात आत पाय ठेववत नाही. मी दारात आलो की घरातली माणसं बोलायची थांबतात. आणि इथं कोण हा, असल्या घरात राहणारा?

विकत घ्यायचं आणि उतरवायचं, एवढंच डोक्यात आलं. भाव पाडायचा तर खोट काढावी लागते, म्हणून ओसरीवर चढून एका खांबाच्या मागं वाकून पाहिलं. तिथं लाल फुली होती. माझी.

दुसऱ्या खांबामागं पाहिलं. फुली. पोपट कोरलेला तो अर्धापूरचा खांब, त्याच्यावर फुली. अहमदपूरची तुळई डोक्यावर होती, तिच्यावर फुली. वाळवीचं एक छिद्र नाही कुठं.

"कोण हाय घरात?" मी ओरडलो.

आतून एक म्हातारी बाई आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "नांदेडचे शेठ ना? ते म्हणायचे, गल्लीच्या तोंडापासून आवाज आला की शेठ आले समजायचं." ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "बसा, भाई. शेठशी जोरात बोलायचं, पण का ते त्यांना कळू द्यायचं न्हाई, असं पण म्हणायचे."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून.

"चाचा कुठं आहेत?" मी विचारलं.

"रमजानच्या आधी गेले. झोपेतच." ती खांबाला हात लावून उभी राहिली. "एका पावसाळ्यात ही ओसरी पूर्ण बसली होती, भाई. तुम्ही एकेक खांब दिला म्हणून उभी राहिली. असा दिलदार माणूस जिल्ह्यात न्हाई, म्हणायचे. तेल लावताना फुलीला हात लावू द्यायचे न्हाईत. शेठची सही हाय म्हणायचे."

मी तोंड उघडलं. चाची, तुमच्या नवऱ्यानं माझ्या बहिरेपणावर हे घर बांधलं, हे वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात आतून सून आली, नात आली आणि दोघींनी मला वाकून सलाम केला.

"खांब दिले ना तुम्हीच?" चाचीनं विचारलं.

"हाव, मीच दिले," मी म्हणालो.

चहा झाला. निघताना तिनं ओसरीच्या टोकाकडं बोट केलं. तिथं खांबाच्या जागी लोखंडी पाइप उभा होता. "तेवढा एक राहिला. घाई नका करू, शेठ देतील, म्हणायचे."

"चाची, सागवान लई महाग झालंय."

"हाव, लई महाग. म्हणून तर तुमच्याकडं."

आयुष्यभर मी माणसांना भावात खाली आणलं. या बाईपुढं मी खिशातला टेप काढला आणि त्या पाइपाची उंची मोजली.

वखारीत हैदराबादच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेला एक खांब आहे. बरोबर त्याच मापाचा. तो आज सकाळी टेम्पोत चढला, भाडं माझं, आणि टेम्पो देगलूरच्या रस्त्याला लागलासुद्धा. गिऱ्हाईक फोनवर शिव्या देतंय. मला न विचारता मला दिलदार ठरवायचा हक्क त्या माणसाला कोणी दिला? मेल्यावरही त्यानं माझा माल उचलला. तो तर सुटला. पण तुमच्यापैकी जे जे त्याला ओळखत होते, त्याच्या हातचे दाणे खात होते, त्यांनी पुढं यावं आणि मला याचा जाब द्यावा.