कपाटामागची लग्नं

विवाह नोंदणी कार्यालयात मामांचा कोणी भाचा नव्हता, तरी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. तळघरातल्या खोलीत कार्यालयाचा सर्व्हर होता आणि त्याची देखभाल मामांकडे होती. ते फार हुशार होते असं म्हणवत नाही, पण सावध होते. चालू वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. घरी पंखा कुरकुरला तरी ते आधी त्याच्याखाली बसून ऐकत राहायचे. मग मामी म्हणायच्या, "ऐकून झालं असेल तर तेल घाला."

सर्व्हरची डिस्क कुरकुरायला लागली तेव्हाही त्यांनी बरेच दिवस नुसतं ऐकलं. शेवटी नाइलाजाने एका सुट्टीच्या दिवशी नवी डिस्क बसवली, जुनीवरची गावभरची लग्नं तिच्यावर उतरवली, सर्व्हर विनातक्रार चालू झालेला पाहिला आणि घरी जाऊन ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पहिला नंबर त्यांच्याच लेकीचा होता. नवरामुलगा लिफ्ट तपासायचं काम करायचा. मामांच्या तो मनात भरला नव्हता. "दिवसभर वरखाली करतो आणि संध्याकाळी जिथल्या तिथे," ते म्हणायचे. "बाबा, तुम्ही तर तळघरातून वरच येत नाही," लेक म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला. मुलाच्या कंपनीचं एक क्वार्टर रिकामं झालं होतं. पण ते लग्न झालेल्यालाच मिळायचं, आणि दाखला आजच संध्याकाळच्या आत दाखवायचा होता. नाहीतर चावी दुसऱ्या जोडप्याला जाणार होती.

नोंदणीवाल्या बाईंनी दोघांची नोंद केली. "दुपारी साहेबांची मंजुरी झाली की दाखला छापून घ्या." त्यानंतर आणखी काही जोडपी झाली.

मग एक आजी-आजोबा जुन्या दाखल्याची प्रत मागायला आले. बाईंनी शोधलं, पुन्हा शोधलं.

"आजी, तुमचं लग्न झालेलं दिसत नाही."

"असं लिहून मिळेल का?" आजींनी लगेच विचारलं. आजोबा काठी टेकत खुर्चीत बसले.

बाईंनी स्वतःचं लग्न शोधलं. तेही नव्हतं. बातमी साहेबांपर्यंत गेली आणि साहेब जिना उतरून तळघरात आले.

"मामा, माझं बघा."

"नाही दिसत, साहेब."

"म्हणजे या घडीला मी..."

"कार्यालयाच्या दृष्टीने, हो."

साहेबांनी खिशातून कंगवा काढला, केसांवरून फिरवला. मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "दुरुस्त करा! लगेच!"

चूक मामांची होती आणि ती त्यांना लवकरच सापडली. प्रत्येक डिस्कला तिचा एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. सुरू होताना सर्व्हर एका यादीत पाहून त्या क्रमांकाची डिस्क शोधतो आणि ठरलेल्या जागी जोडतो. त्याला माउंट करणं म्हणतात. मामांनी डिस्क बदलली, यादीतला क्रमांक बदलायचा राहिला. बिचारा सर्व्हर जुन्या डिस्कची वाट पाहत बसला असता, पण पूर्वी एकदा तसा तो बसला होता, तेव्हा साहेब फार ओरडले होते. म्हणून मामांनीच यादीत लिहून ठेवलं होतं की डिस्क सापडली नाही तर अडून बसू नको, पुढे चालू लाग. तो आज्ञाधारकपणे चालू लागला होता.

मामांनी क्रमांक बदलला, डिस्क माउंट केली. वर टाळ्या वाजल्या. गावाची लग्नं परत आली होती. आजी हळहळल्या.

तेवढ्यात खिडकीशी लेक आली. "बाई, आमचा दाखला?"

बाईंनी शोधलं. "तुमचं काही दिसत नाही गं."

लेक तडक तळघरात उतरली. मागोमाग लिफ्टवाला.

"बाबा, सकाळी आमचं लग्न झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग?"

"आता नाही."

लेकीचा चेहरा बदलला. "बाबा, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

नाही म्हणायला मामांनी तोंड उघडलं, पण ते नाही त्यांचं त्यांनाच लंगडं वाटलं. शेवटी ते समजावू लागले. "हे बघ, ती जागा म्हणजे भिंतीतला कोनाडा. डिस्क म्हणजे त्याच्यासमोर उभं केलेलं कपाट. सकाळी कपाट नव्हतं, म्हणून तुमची लग्नं कोनाड्यात ठेवली गेली. आता कपाट आलं. तुम्ही त्याच्यामागे आहात."

"मग कपाट सरकवा!"

मामांनी हुकूम दिला. सर्व्हरने उत्तर दिलं की जागा वापरात आहे, डिस्क काढता येणार नाही. कोण वापरतंय, हे त्यांनी विचारलं. पडद्यावर साहेबांचं नाव आलं.

तिघं वर गेले. साहेब खोलीचं दार लावून आपल्या लग्नाचा दाखला उघडून बघत बसले होते.

"साहेब," मामा खाकरले, "तुमचं लग्न जरा बंद करता का?"

"मुळीच नाही. मघाशी गेलं होतं ते पुरे. मी घरी फोन करून सगळं ठीक आहे असं कळवून बसलोय!"

"पण माझ्या मुलीचं..."

"मामा, एका लग्नासाठी सगळ्या गावाला बिनलग्नाचं ठेवू?"

जिन्यात लेकीने दात-ओठ खाल्ले. "साहेब आत असताना ओढून काढता येत नाही का डिस्क?"

"येते," मामा म्हणाले. "पण..."

"नको," लिफ्टवाला म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "आत माणूस असताना दोराला हात लावायचा नसतो. चावी गेली तर जाऊ दे."

मामांनी त्याच्याकडे वळून नीट पाहिलं. असं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

लिफ्टवाला साहेबांच्या दारात परत गेला. "साहेब, घाबरलेला माणूस लिफ्टबाहेर येत नाही, तेव्हा आम्ही त्याच्या हातात काहीतरी धरायला देतो. तुमचा दाखला छापून देऊ का?"

साहेबांनी विचार केला. दाखला छापला गेला. तो दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यांनी पडद्यावरचं लग्न बंद केलं.

मामांनी कपाट सरकवलं. कोनाड्यात सकाळची मूठभर लग्नं जशीच्या तशी होती, आणि सगळ्यात वर, क्रमांक एकला, त्यांची लेक. ते बघतच राहिले.

"बाबा, आता काय ऐकत बसलात?"

त्यांनी नोंदी बाजूला काढून ठेवल्या, डिस्क पुन्हा माउंट केली आणि नोंदी तिच्यात घालू लागले. सर्व्हरने विचारलं: क्रमांक एक आधीच आहे, त्याच्यावर लिहू का? मामांनी पाहिलं, ते आजींचं लग्न होतं. नको म्हणून त्यांनी लेकीला शेवटचा क्रमांक दिला. आजी वर बाकावर अजून आशेने बसल्या होत्या, पण त्याला इलाज नव्हता.

मामांनी वर येऊन साहेबांची मंजुरी घेतली, दाखला निघाला. लेक दारापर्यंत धावली आणि थांबली. "बाबा, मुद्दाम नव्हतं ना?"

"मुद्दाम करायला गेलो असतो तर इतकं जमलं नसतं मला."

ती हसली. लिफ्टवाल्याने तिचा हात धरला आणि दोघं चावीच्या मागे पळाली.

मामांनी आधी दारात उभं राहून त्यांना रस्ता ओलांडून दिसेनासं होऊ दिलं. मग साहेबांकडे जाऊन सांगितलं, "सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागेल. आपोआप जोडतोय का, बघायला हवं."

"परत?" साहेब म्हणाले, आणि दाखला छातीशी धरून उभे राहिले.

सर्व्हर बंद झाला, तसा साहेबांनी कंगवा बाहेर काढला. सर्व्हर चालू झाला. साहेबांनी शोधलं. "आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी कंगवा खिशात ठेवून दिला.