सेल्वीची मेणबत्ती

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. मैलापूरच्या चर्चमध्ये वेदीजवळ जांभळी मेणबत्ती पेटली, विझल्या काडीचा वास आला आणि माझं डोकं तडकलं.

असाच पहिला रविवार होता, मी दहा वर्षांची होते. पप्पांची रेल्वेतली बदली झाली म्हणून आम्ही वसईहून इथे दक्षिणेत आलो होतो. माझी एकच मैत्रीण, सेल्वी. तिची आई चर्चची फरशी पुसायची. धर्मशिक्षणाच्या वर्गात सेल्वी पहिली आली, म्हणून सिस्टरने पहिली मेणबत्ती पेटवायला तिला निवडलं.

ती वेदीपाशी पोचली तेवढ्यात चर्च कमिटीचे एक काका पुढे झाले. "यांच्या जातीची मुलगी वेदीपाशी? नको," म्हणत त्यांनी तिच्या हातातली काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. मी काडी ओढली. पप्पांनी कौतुकाने पाहिलं.

पुढच्या शनिवारी नाताळच्या तयारीचं कन्फेशन होतं.

"फादर, मी सेल्वीची मेणबत्ती पेटवली."

ते हसले. "हे कसलं पाप, बाळा? तीनदा 'नमो मारिया' म्हण."

काडेपेटी कुणी हिसकावली, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारणार कसे? ते तिथेच तर उभे होते!

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, त्याचाच आज सगळ्यात जास्त संताप येतो. मी तीनदा प्रार्थना म्हटली आणि मोकळी झाले. सेल्वी परत चर्चमध्ये आली नाही. तिची आई मात्र नाताळच्या आदल्या दिवशीही आली, फरशी पुसायला.