घास खाली उतरला

“कॅन्सर नाही,” डॉक्टर हिंदीत म्हणाले आणि मला एकदम हसूच फुटलं. माझा नवरा महेंद्र मात्र डोळे पुसत होता.

हैदराबादच्या दवाखान्यात समोरच्या पडद्यावर माझी अन्ननलिका दिसत होती. वर फुगलेली, खाली चिमणीच्या चोचीसारखी निमुळती. आजाराचं नाव अकॅलेशिया. अन्ननलिका पोटाला मिळते तिथला स्नायू गिळताना सैल पडायला हवा. माझा आवळलेलाच राहायचा. “भूख तो है आपको. खाना नीचे उतरता ही नहीं,” डॉक्टर म्हणाले.

वय एकतीस, वजन छत्तीस किलो.

मी आदिलाबादकडं, तामसीजवळच्या शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी आधी भाकरीचा घास छातीत अडकायला लागला. वरून पाणी प्यायचं, उभं राहून दोन्ही हात वर ताणायचे, तेव्हा कुठं तो सरकायचा. पुढं वरणभातही अडकू लागला. आडवं झालं की खाल्लेलं तोंडात यायचं. कुणी बघू नये म्हणून मी एकटीच जेवायला लागले.

आदिलाबादला टीबीसाठी थुंकी तपासली, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक. एका डॉक्टरनं तर ‘मनाला लावून घेता’ म्हणून गोळ्या दिल्या.

आई गुडीहत्नूरहून यायची, माझा दंड चिमटीत धरायची. “काऊन खात नाईस वं? कोनाचा राग धरला?”

“खाऊनच राह्यली, आई.”

तिला पटायचं नाही. त्याचंच मला जास्त रडू यायचं.

एका दुपारी महेंद्र कचेरीतून लवकर आला. मी स्वयंपाकघरात हात वर करून उभी. “कवायत करून राह्यली का?” तो हसला. मग त्यानं माझं तोंड पाहिलं. त्याच आठवड्यात आदिलाबादला एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून दुर्बीण घालून तपासणी. तिथून आम्हाला हैदराबादला पाठवलं.

तिथं बेरियम स्वॉलो झालं. कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं औषध पीत एक्स-रे काढतात. मग मॅनोमेट्री, नाकातून नळी घालून गिळण्याचा दाब मोजतात. ही जरा त्रासदायक, पण थोड्या वेळात संपते. शेवटी पोएम नावाचं ऑपरेशन. भूल देऊन तोंडावाटेच दुर्बीण घालतात आणि आवळलेला स्नायू आतून कापतात. पोटावर टाकासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. घोट सरळ खाली गेला. “गेलं! महेंद्र, गेलं!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नर्स धावत आली. काय झालं ते कळल्यावर तीही हसत सुटली.

आज माझं वजन त्रेचाळीस आहे. म्हणजे अजून बारीकच. आता पोटातलं ऍसिड वर येऊ शकतं, म्हणून त्याची गोळी चालू आहे, उशाकडची बाजू उंच करून झोपते, वेळोवेळी दाखवायला जाते. हा स्नायू पूर्वीसारखा होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. चालेल. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर लपवू नका, दाखवा. आणि घरातलं कुणी वाळत चाललं असेल तर रागावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जेवायला बसा.

मागच्या रविवारी आईनं भरीत केलं होतं. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, चौथ्यांदा हात पुढं केला, तशी आईनं पातेलंच ओढून घेतलं.

“अवं, जावयालेबी ठेव थोडं!”