खड्ड्यावरची तुळस

बादली रिकामी केली की आमचे कंडक्टरकाका तिच्या बुडावर दोनदा टकटक करायचे. कळंब-भूम गाडीवर हयात गेलेली. डबल बेल दिल्याशिवाय त्यांचं काही पुढं सरकत नसे. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गल्लीतल्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. घराघरांतलं ओलं सगळं त्यात: देठं, साली, शिळी भाकर. काठीनं दाबत ते सालींनाच सांगायचे, "सरका, सरका, मागं जागा हाय." त्याचं खत भाजीवाल्या मावशी रानात न्यायच्या आणि त्याच रानातली मेथी आमच्या दारी आणायच्या.

"बघा ताई, तुमच्याच साली परत आल्या," काका म्हणायचे. पुढं चार दिवस मला मेली ती मेथी तोंडात घालवेना.

निर्माल्य मात्र कुणी तिथं टाकेना. देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून काकांनी खड्ड्याच्या काठावर तुळस लावली. फुलं यायला लागली. पण आम्ही बायका काय कमी? तुळशीपाशी कांदा-लसूण नको, म्हणून ती टरफलं घंटागाडीत द्यायला लागलो. काकांनी कपाळाला हात लावला.

"अहो, आत गेल्यावर कांदा कोण अन् फूल कोण? समद्यांचं खतच व्हतंय."

मग गल्लीत सिमेंटचे ब्लॉक बसवायचं काम निघालं. मोकळी जागाही त्यात आली. काका चार ठिकाणी जाऊन खड्ड्यासाठी बोलून आले. सगळ्यांनी चहा पाजला, हो कुणीच म्हणालं नाही. मी घाबरले, तर मलाच धीर देत म्हणाले, "तुळशीला हात लावायची कुणाची छाती हाय का?"

खरंच कुणाची नव्हती. कामगारांनी चपला काढून तुळशीभोवती फरशीचं देखणं वृंदावन बांधलं. शेजारचा खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्यावर ब्लॉक बसवले. काका सालींची बादली घेऊन नुसते बघत राहिले. मला रडू आलं. पण चिडायचं कुणावर? सगळं हात जोडूनच झालं होतं.

त्यानंतर ते तुळशीपाशी बसून असायचे. मावशी रिकामं पोतं घेऊन आल्या की म्हणायचे, "आता जागा न्हाय, मावशी."

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले.

आमच्याकडं अजून दोन बादल्या आहेत, ओल्याची वेगळी, सुक्याची वेगळी. सवय मोडत नाही. घंटागाडीवाला दोन्ही घेतो, एकाच ढिगात उलट्या करतो आणि परत देतो. मी रिकाम्या बादलीवर दोनदा टकटक करते. गाडी निघून जाते.