ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही

आमच्या भावकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पुष्कळ आहेत, पण कारमागं जोडायची ट्रॉली फक्त माझी. शहरात, उस्मानपुऱ्यात नोकरीपुरतं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडची थोडी शेती बघायची, असा माझा कारभार. खत, बियाणं, ठिबकचे पाइप न्यायला ही छोटी दोन चाकांची ट्रॉली घेतली आणि आरटीओत खेटे घालून तिची रीतसर नोंदणी केली. तिला स्वतःचा नंबर होता, मागं लाल दिवे होते, गाडीबरोबर लागणारे इंडिकेटर होते. हूक निसटलाच तर ट्रॉली रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून वेगळी साखळीही होती. माल चाकांच्या जरा पुढं ठेवायचा, सगळा मागं ठेवला तर ट्रॉली डुलते, हे मी बायकोलाही शिकवलं होतं. तिनं विचारलं नव्हतं.

नोंदणीच्या वेळी तिथल्या साहेबांनी एकच गोष्ट दोनदा बजावली. मागं माणूस बसवायचा नाही, ट्रॉली मालासाठी आहे. मी मान डोलावली. मला नियम आवडतात. बायको म्हणते, तुम्हाला माणसांपेक्षा नियम आवडतात. पण ती रागात असली की काहीही बोलते.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. वडील लवकर गेले आणि मला चुलत्यांनी वाढवलं. ते मेंढरं घेऊन उन्हातान्हात हिंडले म्हणून मी शहरात राहून शिकलो. गाडी घेतल्यापासून त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावातून न्यावं, एवढी एकच माझी हौस होती. ते दर वेळी टाळायचे. कधी धोतर मळलेलं असायचं, कधी मेंढरं सोडायची असायची. त्या वर्षीच्या कंदुरीला मी मनाशी ठरवलं, परत येताना त्यांना बसवायचंच.

कंदुरी म्हणजे आमच्याकडं पिराला बकरं करतात, तिथंच रांधतात आणि भावकी एकत्र जेवते. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी वाटा पाठवतात. पीर गावापासून तासभर चालण्याच्या अंतरावर, हायवेच्या कडेला. सकाळी गारव्यात सगळे चालत आले. मी ट्रॉलीतून पातेली, पराती, सतरंज्या आणल्या. हंडे दोरीनं आवळून बांधले ते पाहून चुलते कौतुकानं म्हणाले, "लई नीट काम हाय तुझं."

जेवणं झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी भांडी भरली आणि गाडीचं दार उघडलं. तोवर दोन म्हाताऱ्या चुलत्या ट्रॉलीच्या फळीला धरून वर चढायला लागल्या होत्या, आणि मागं बाकीच्या बाया पदर खोचून उभ्या होत्या.

मी धावत गेलो आणि त्यांना खाली उतरवलं. म्हणालो, "इथं बसता येत नाही. हायवे आहे. मी गाडीतून खेपा करतो, सगळ्यांना पोचवतो."

"एवढ्या खेपा कशाला?" एक चुलती म्हणाली. "टराली अर्धी मोकळीच हाय की."

मी समजावायला लागलो. ब्रेक दाबला तर काय होतं, हूक निसटला तर काय होतं, विमा कसा मिळत नाही. उन्हात उभ्या असलेल्या, भरल्या पोटाच्या, थकलेल्या बायांना मी विमा समजावून सांगत होतो. शेवटी चुलते शांतपणे म्हणाले, "भांड्यांना जागा हाय, माणसाला नाय. चला, पायी जाऊ."

"काका, तुम्ही तरी पुढं बसा."

"बाया रस्त्यानं अन् मी गादीवर? नाय बाबा."

आणि सगळे निघाले. मुलंसुद्धा. माझी बायको गाडीत बसली होती. ती उतरली, तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्यात जाऊन मिसळली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

पुढं भावकी, मागं मी. रिकाम्या गाडीत मी एकटा, आणि ट्रॉलीत पातेली खणखणतायत. बाजूनं ट्रक जात होते, म्हणून सगळे इंडिकेटर चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्या पाठीशी गाडी चालवत होतो. एवढंच माझ्या हातात होतं. मी बरोबर होतो, आजही बरोबरच आहे असं वाटतं, पण त्या रस्त्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावाच्या फाट्यावर पोलिसानं हात केला. गाडी बिघडलीय का म्हणून विचारलं, मग कागद पाहिले, दिवे पाहिले, वाकून साखळी पाहिली. सगळी भावकी थांबली होती. तो मोठ्यानं म्हणाला, "असं पाहिजे. सगळ्यांनी तुमच्यासारखं वागलं तर आम्हाला कामच राहणार नाही."

मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. तेवढ्यात गावातला एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीला नंबर नव्हता, दिवा नव्हता. ड्रायव्हरनं न विचारताच थांबवला. दोघांनी काकांना बगलेत धरून वर ओढलं, बाया चढल्या, मुलं चढली, माझी बायको चढली. पोलिसानं मागची वाहनं थोपवून ट्रॅक्टरला वाट करून दिली. मी त्या ट्रॉलीमागं गावापर्यंत गेलो. ट्रॉलीतले सगळे माझ्याकडं तोंड करून बसले होते आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

पुढच्या वर्षी कंदुरीचं बोलावणं आलं नाही. मी फोन करायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, पण विचारायचं धाडस झालं नाही. मग एका संध्याकाळी उस्मानपुऱ्याच्या घराचं दार वाजलं. चुलते उभे होते, एसटीनं आलेले, धुळीनं माखलेले. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. आमचा वाटा.

"कंदुरी झाली?" मी विचारलं.

"झाली आज दुपारी." ते दारातच चप्पल काढत म्हणाले. त्यांच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. "औंदा ट्रॅक्टर लावला व्हता, समद्यांना ट्रालीत नेलं. तुला त्यात बसता आलं नसतं. उगं तुझी पंचाईत व्हईल, म्हणून कळवलं नाय."

मी डबा हातात घेतला. तो अजून कोमट होता. त्यांना आत या म्हणायचंही मला सुचलं नाही. ते बायको म्हणाली.