शेजारणीचा गांजा

मी एका शाळेच्या स्वयंपाकघराचं कोठार सांभाळत होते. जुना माल पुढे, नवा मागे, प्रत्येक खोक्यावर तारीख, काहीही थेट जमिनीवर ठेवायचं नाही. अमेरिकेत, आमच्या रेडमंडला ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हवा ओलीच. जरा दुर्लक्ष झालं की पिठाला गुठळ्या होतात. घरीही तीच शिस्त. पण त्या हिवाळ्यात घरात सांभाळायला डबेच तेवढे उरले होते. हे दूर चँडलरच्या संगणक-चिपच्या कारखान्यात वर्षभरासाठी गेले होते, महिन्यातून एकदा यायचे. मुलगी दूरच्या कॉलेजात. ती रविवारी फोन करायची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि चार मिनिटांत आमचं बोलणं संपायचं.

म्हणून शेजारीण दाराशी आली तेव्हा मला बरं वाटलं. सत्तरीची निवृत्त शिक्षिका, एकटीच राहायची. आमचं बोलणं इंग्रजीत, पण मनातल्या मनात मी तिला ‘तुम्ही’च म्हणायचे. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

“तू शाळेत सामान सांभाळतेस ना? बघ जरा, वाया गेलं का हे?”

पिशवीत हिरवट, सुक्या फुलांचे गड्डे होते आणि त्यांवर पांढरी लव. वास बंद तळघरासारखा.

“बुरशी धरली आहे. फेकून द्या. पण आहे काय हे?”

“गांजा,” कोथिंबीर म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली.

तिचा केमो चालू होता. सहापैकी दोन फेऱ्या झाल्या होत्या. पोटात अन्न ठरत नव्हतं आणि वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या फेऱ्या देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गांजाचे दोन झुरके घेतले की वाटीभर सूप जायचं. तो तिचा भाचा आणायचा. तो सहा तासांच्या अंतरावर शेती करायचा आणि दोन महिन्यांतून एकदा यायचा. त्याने दिलेली पिशवी तिने सिंकच्या वरच्या खिडकीत ठेवली होती. ओल, ऊन आणि वाफ, तिन्ही एकाच जागी!

“थोडा झटकून नाही का चालणार?”

“नाही. बुरशीचा धूर आत्ता तुमच्या छातीत जाता कामा नये.”

भाच्याने पुन्हा माल आणला तेव्हा तो मी ताब्यात घेतला. तिचं घर ओल धरणारं, माझ्याकडे जिन्याखाली कोरडं, अंधारं कपाट होतं. वस्तू नवी असली तरी नियम जुनेच. काचेची बरणी, पाऊण भरलेली. पहिले पंधरा दिवस रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, म्हणजे आतला दमटपणा निघून जातो. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, बाहेर काढलं की काचेला पाणी सुटतं. लागेल तेव्हाच कुसकरायचं, आधी कुसकरलं तर वास आणि गुण दोन्ही उडतात. देठ वाकवून बघायचा: नुसता वाकला तर अजून ओला, कट्‌कन मोडला तर झाला. त्यानंतर घट्ट बंद. नीट ठेवला तर वर्षभर टिकेल असा माझा अंदाज होता.

केंद्राच्या कायद्याने ही वस्तू बाळगणं गुन्हा होता आणि आमचा नागरिकत्वाचा अर्ज नुकताच गेला होता. बरणीवर मी फक्त तारीख लिहिली. यांनी फोनवर विचारलं, “नवीन काय?” “काही नाही,” म्हटलं.

रोज संध्याकाळी साडेपाचला मी शालीखाली बरणी घेऊन तिच्याकडे जायचे. टेबलावर ठेवून झाकण काढायचे. दहा मिनिटं पुरेशी होती. तेवढ्यात ती वात्रट विद्यार्थ्यांचे किस्से सांगायची, मी कोठारातल्या उंदरांचे. दुसऱ्या आठवड्यात मी पंधरा मिनिटं केली. मग वीस. मालाला त्याची गरज नव्हती.

पंधरा दिवस झाले, देठ कट्‌कन मोडला. आता बरणी घट्ट बंद करायची. त्या शनिवारी मी घरचे मसाल्याचे डबेही भरत होते. गोड्या मसाल्यात हिंगाचा खडा घातला की कीड लागत नाही, हे मला आईने शिकवलं होतं. हाही सुका पालाच. मी एक खडा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बरणीच्या तळाशी ठेवला आणि स्वतःवर खूश झाले.

झाकण उघडायची गरज उरली नव्हती, तरी मी बरणी घेऊन जातच होते. तिसऱ्या फेरीनंतर तिने झुरका घेतला आणि तोंड फिरवलं. सूप तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही, पडल्यापडल्या म्हणाली, “हे एक चालायचं, आता तेही चालत नाही. शरीरच नको म्हणतंय. सोमवारी डॉक्टरांना कळवणार आहे, पुरे आता.”

“कसं लागतं?”

“कुजक्या लसणासारखं. पण दोष माझ्या नाकाचा. केमोने सगळ्याचाच वास बदलतो, तू बरणीला दोष देऊ नकोस.”

माझ्या घराला कायमच हिंगाचा वास होता. मला तो येतच नसे. पण आता मला सगळं कळलं. गप्प बसले असते तर तिला कधीच कळलं नसतं.

“दोष नाकाचा नाही,” मी म्हटलं. “माझा आहे.” पुरचुंडी काढून तिच्या समोर धरली आणि सगळं सांगितलं.

तिने ती लांबूनच हुंगली. “म्हणजे तू माझ्या गांजाचा मसाला केलास?” आणि खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “तू सांगितलं नसतंस तर मी उपचारच थांबवले असते, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“फोन आण इकडे. भाच्याला सांगते.”

बरणीतला माल मी दिवसभर कागदावर पसरून पाहिला. वास गेला नाही. सगळा फेकला.

भाचा रविवारी आला. दाढीवाला, अवाढव्य, मितभाषी. रागावला नाही. त्याने रबरी कडीच्या झाकणाच्या छोट्या छोट्या बरण्या आणल्या होत्या, एकेका आठवड्याच्या. लागेल तीच उघडायची, बाकीच्या तिच्या पलंगाखाली अंधारात. “घरीच पूर्ण वाळवून आणलंय,” तो म्हणाला. “आता तुम्हाला रोज त्रास नको.” व्यवस्था चोख होती. मी असते तर हेच केलं असतं.

सोमवारी तिने डॉक्टरांना फोन केला नाही. मंगळवारी कुंपणावरून ओरडून सांगितलं की वाटीभर सूप गेलं आणि राहिलं.

साडेपाच वाजायचे. मी भांडी घासायचे, उद्याची यादी करायचे, तरी सहा वाजलेले नसायचे. जायला कुणाची हरकत नव्हती. पण काम नसताना कुणाच्या दारात जायचं मला कधी जमलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसायचा, तेवढं बघून मी पडदा ओढायचे.

सहाव्या दिवशी तिचा फोन आला.

“काही लागतंय का?” मी विचारलं. “औषध आणू? बरण्या ठीक आहेत ना?”

“सगळं आहे. काही नको.”

“बरं,” म्हणत मी उद्याची यादी बाजूला सारली.

“मग ये ना,” ती म्हणाली.

मी कोट घातला आणि दाराशी थांबले. न्यायला काहीच नव्हतं. हात खिशात घालून तशीच निघाले.