सेल संपल्यावरचं कडवं

आधीच सांगतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. स्मशानघाटाशेजारच्या मंगल कार्यालयात लग्नं शूट केलीत आणि तिथंच दोनदा श्रीखंड मागून घेतलंय! पण ही एक गोष्ट मात्र...

साल १९८६. नागपुरात लग्नाच्या व्हिडिओचं खूळ नुकतंच आलं होतं आणि मी आमच्या गल्लीतल्या मनोहरभाऊंच्या हाताखाली ते काम शिकत होतो. माझी मोठी बहीण कुसुमताई ऑर्केस्ट्रात गायची. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. ताईनं पेटी पलंगाखाली सारली आणि घराबाहेर पडणंच सोडलं. म्हणून ठरवलं, तिच्याच आवाजातल्या जुन्या कॅसेटमधल्या गाण्याचा व्हिडिओ करायचा. ताईनं फक्त ओठ हलवायचे.

कॅमेरा द्यायच्या आधी भाऊंनी अट घातली. "पयले कागदावर चौकटी आखून आण. कोन्त्या ओळीले ताई कुठं उभी, ते काढून दाखव. मंग घे गा कॅमेरा." माझ्या चित्रांत ताई बुजगावण्यासारखी दिसत होती. ते पाहून ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली.

हुडकेश्वरकडे तेव्हा शेतंच होती. तिथल्या एका विहिरीपाशी शेवटचं कडवं घेताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरले. सूर जड होत गेले आणि गाणं बंद पडलं. मी शहाणा — म्हटलं, "थांबू नको ताई, ओठ हलवत राह्य. एडिटिंगमध्ये जमवून घेऊ." तिनं हलवले. ताई, भाऊ आणि मी सोडून शेतात चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंच्या खोलीत दोन व्हीसीआर जोडून बसलो. एरवी कॅमेऱ्यातला आवाज टाकून देतात आणि त्यावर कॅसेटचं गाणं चढवतात. पण त्या कडव्यात ओठ गाण्याशी जुळेचनात. भाऊ वैतागले. "काहून जुळून नाही राह्यलं? कॅमेऱ्याचा आवाज वाढव, गाणं कुठं बंद पडलं ते समजंल."

वाढवला. गाणं जड झालं, थांबलं... माझं ते शहाणपणाचं वाक्य... वारा... आणि मग ताईचा आवाज! तबला नाही, पेटी नाही. पूर्ण कडवं, ओठांशी तंतोतंत. पण तो कॅसेटमधला आवाजही नव्हता. जाडसर, खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत.

ताईला बोलावून ऐकवलं. ती कुजबुजली, "मी तं नुसते ओठ हलवले गा." मग खूप रडली. त्याच संध्याकाळी पेटी पलंगाखालून बाहेर आली. रोज एकच सूर धरून बसायची. बहुतेक वेळा गळ्यातून नुसती हवा निघायची आणि मी उठून अंगणात जायचो.

दोन वर्षं गेली त्यात. पहिल्यांदा तिनं ते कडवं अख्खं म्हटलं, तेव्हा भाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. जाडसर, खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत... तोच, टेपवरचा.

डॉक्टर म्हणाले, आवाज तसाही परतला असता. असेल. पण विहिरीपाशी तो आधीच कुठून आला, हे मला आजही कळलेलं नाही. ताईला विचारलं की ती पेटीवरची बोटं न थांबवता म्हणते, "मीच होती गा. जराशी लवकर आली."